बाहेरचं

मोताळ्याकडच्या शाळांत पोरं मला 'येड्यायची मॅडम' म्हणतात. म्हणू द्या. मी शाळांची मानसशास्त्रज्ञ, रीतसर परवाना असलेली, अन् या भागात तसली मी एकटीच. बाकी जागांच्या जाहिराती निघतात, पण परवाना असलेलं माणूस इकडं फिरकत नाही. त्यामुळे एका शाळेत गेले की पुन्हा तिथं जायला दोन-दोन महिने लागतात.

एका शाळेत नववीतल्या मुलीचा वर्गात बसल्याबसल्या श्वास अडकायला लागला. हातपाय थरथरायचे, घाम फुटायचा. मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी पार डोणगावला होते. म्हटलं, "सर, मी येईपर्यंत तुम्हीच बसा तिच्याजवळ, बोलतं करा तिला."

"नाही बा मॅडम! आपल्यापाशी लायसन नाही. काही कमीजास्त झालं तं माह्या गळ्याशी येईन."

असं डोकं फिरलं माझं! जवळ बसायला कशाचं आलंय लायसन?

मग त्यांनी मुलीच्या आईला बोलावलं अन् भल्या मनानं सांगितलं, "बाई, हे आपल्या शाळेतलं काम नाही. बाहेरचंच पाहा लागते." त्यांना म्हणायचं होतं, बाहेरगावचा डॉक्टर. पण आमच्याकडं बाहेरचं म्हणजे भूतबाधा! हेडमास्तरच म्हणतात म्हटल्यावर आई पोरीला घेऊन थेट झाडफूक करणाऱ्या भगताकडे गेली.

मी पोचले तेव्हा आई खुशीत होती. "बरी झाली हो मॅडम. आता काहीच होत नाही तिले." पोरगी नुसती मान हलवत होती. मनगटावर दोरीचे वळ होते, ते दिसू नयेत म्हणून बाही खाली ओढत होती. आईला जरा बाहेर बसवलं.

"श्वास अजून अडकतो काय गं?"

"हाव. पण आता मी संडासात जाऊन बसतो, कडी लावून. आईले नका सांगू, पुन्हा नेतीन मले तिकडं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी उद्या येसान काय?"

येते म्हणाले. आईशी अन् सरांशी बोलायचं होतंच, पण आधी उद्याच्या शाळेला फोन लावला, येणं जमणार नाही म्हणून. फोन तिकडच्या मुख्याध्यापिका बाईंनी घेतला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग तुमची वाट पाहून राहिलेल्या आमच्या पोरीले मी काय सांगू?"