हात न देणारा

२०२२ साल, मी सत्तरीचा. जमिनीवरून उठताना आधार लागायला लागला, म्हणून सुनेनं मला शिंदखेड्याच्या जिममध्ये धाडलं. तिथला शिकवणारा तिशीतला. सारखी बडीशेप चघळायचा, आणि मी वजन खाली ठेवायला लागलो की म्हणायचा, "अजून शे नाना, अजून शे." माझ्या अंगात किती आहे ते हा सांगणार!

"जन्मभर कापसाच्या गोण्या वाहिल्या मी," म्हटलं.

तो माझा दंड चिमटीत धरून म्हणाला, "पण बंद करून किती झालं? स्नायूत झटक्यात जोर लावणारे धागे असतात नाना, म्हातारपणी तेच आधी बारीक होतात. वजन उचलत राहिलात तर जाड होतील, आणि लवकर दमणारे आहेत ते दमदार होतील. पण वेळ लागतो." आणि हातात दिलं काय, तर खुळखुळ्याएवढं डंबेल!

थंडीत आमच्या मळ्यात भरीत पार्टी झाली; सुनेनं त्या शिकवणाऱ्यालाही बोलावलं होतं. पंगतीत मांडी घालून बसलो आणि मग उठताच येईना. व्याह्यांनी हात पुढे केला, तर यानं तो धरून मागे सारला. साऱ्यांदेखत म्हणाला, "राहू द्या. अजून शे."

डोकं भणाणलं माझं. त्या रागातच उठलो, पण गुडघ्यावर हात टेकून. तोंडात बडीशेप टाकत तो म्हणाला, "हात लागला नाना."

शाबास म्हणायला काय जड जात होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शटर उघडायला आला, तेव्हा मी पायरीवर बसलेलो. दोन्ही हात पाठीमागे धरून उठलो आणि म्हटलं, "वजन वाढव."