लाखवातींचा रेचा

आमचा पुतण्या प्रत्येक लग्नात सांगतो की, काकांनी दांडा उलटा फिरवून सरकी काढायचा रेचा बंद पाडला. हा प्रसंग घडला तेव्हा त्याचा जन्म झालेला नव्हता. माझा झालेला होता. तेव्हा हकिगत माझ्याकडून घ्यावी.

साठीच्या दशकात आमच्या गावी, कडावला, भाताखेरीज कशाला पीक म्हणत नसत. कापूस म्हणजे परसातले देवकापसाचे एक झाड. त्या चातुर्मासात आईने लाखवातींचे व्रत धरले होते. वाती स्वहस्ते वळून त्रिपुरी पौर्णिमेला देवळात लावायच्या. श्रावणातच तिची बोटे आखडली. वात तळव्याने वळता येई. सरकी मात्र बोटांनीच ओढून काढावी लागे. व्रत तिथे अडले. म्हणून खानदेशात नोकरीला असलेल्या मेहुण्याकडून मी हातरेचा मागवला. लाकडी चौकटीत एकावर एक दोन लाटा, म्हणजे गोल रूळ, आणि बाजूला दांडा. तो फिरवला की कापूस लाटांमधून पलीकडे जातो आणि सरकी अलीकडे पडते.

कापूस वाळलेला हवा, असे मेहुण्याने बजावले होते. मी साठवलेल्या कापसाच्या पोत्यातली एक सरकी दाताखाली धरली. ती कट्‌कन फुटली. भात वाळले की नाही, हे आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असेच ठरते आणि त्यात कधी चूक झालेली नाही. मी कापूस वाळल्याचे जाहीर केले, दांडा फिरवला, सुलटाच फिरवला, आणि कापूस लाटेला गुंडाळून बसला.

आईने मूठभर कापूस गालाला लावला. "गार लागतोय रं. मला वाती कापसाच्या करायच्यात का सरकीच्या?"

माझी परीक्षा अचूक होती. ती सरकीची झाली, एवढेच.

पोते चार दिवस चुलीवरच्या माळ्यावर ठेवले आणि रेचा चालू लागला. मी पुन्हा दांडा धरला तेव्हा आई म्हणाली, "सोड तो. तू फिरवलास तर वात तुजी व्हईल." त्यानंतर मी त्याला हात लावलेला नाही. एका तळव्याने कापूस सरकवीत, दुसऱ्याने दांडा रेटीत, तिने कार्तिकापर्यंत सगळा कापूस स्वतः काढला आणि वाती वळल्या.

पौर्णिमेला देवळात वाती पेटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारले, "यातल्या यंत्राच्या किती गं, अन्‌ तुज्या किती?"

"वाती वळणारं यंत्र कुटं दिसलं तर सांग गं बाय," आई म्हणाली. "फुडच्या साली मागवते."

एवढे बोलून ती तिथेच बसली, आणि शेवटची वात विझेपर्यंत उठली नाही.