समुद्रातलं पोर

सुनेने आज सुकी मासळी आणली. मी आधी ती उलटून बघितली. वास आला आणि सोलापूरची गड्ड्याची जत्रा आठवली.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. जत्रेतल्या एका तंबूत फळीवर ‘समुद्रातलं पोर’ मांडलं होतं. पांढरंफटक अंग, दोन डोळे, हसरं तोंड आणि हातांच्या जागी रुंद पंख. ते पोटाशी धरलं की कूस उजवते, असं तंबूवाला सांगत होता. माझ्या आत्याला मूल नव्हतं, म्हणून आजीने तिला तिथं आणलं होतं. मला ते हसू काही खरं वाटेना.

आत्याने ते हातात घेतलं. पण आम्ही मेंढरं पाळणारी माणसं. कोकरूसुद्धा तोंड उघडून, उलटंसुलटं केल्याशिवाय घेत नाही. तिने बोटाने बारीक चपटे दात चाचपले. तोंडाखालच्या दोन्ही बाजूंच्या चिरा निरखल्या. तंबूवाला “उलटं करू नका, बाई!” म्हणेपर्यंत तिने ते पालथं केलंसुद्धा. पाठीवरून शेपटीपर्यंत काट्यांची रांग होती, आणि वरच्या टोकाला दोन सुकलेले डोळे.

“डोळं तर हितं हायती की! मग खालचं डोळं म्हंजी नाकपुड्या. मासा हाय ह्यो.”

त्याला पाकट म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. आत्याच्या हुशारीची ही गोष्ट मी वर्षानुवर्षं हसत सांगितली. परतताना बैलगाडीत ती जे पुटपुटली, ते मात्र कधीच सांगितलं नाही.

“म्या त्येला पालथं कराय नगं हुतं.”