बेटावर सोडायचा मासा

माधवगंजच्या आमच्या घरात समुद्राचा एक मासा आहे. थोरल्या भावाने हौसेने आणला, तेव्हा दुकानदार म्हणाला होता की हा जगात एकाच बेटाभोवती सापडतो, आणि ते बेट भर महासागरात, कुठल्याही किनाऱ्यापासून फार लांब आहे. बाबांच्या मनाला ते लागलं. पेपर बाजूला ठेवून ते टाकीसमोर बसायचे. "याला घरी पोहोचवा रे, बिचारा अकेला पडलाय," म्हणायचे. आम्ही हसायचो.

बाबा गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द देतात. आईला सांभाळू म्हणालो, घर विकणार नाही म्हणालो. कावळे समोरच्या झाडावर बसून नुसते बघत होते. ऊन तापलं तसा भाऊ वैतागून म्हणाला, "बाबा, माशाला त्याच्या बेटावर सोडतो." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर उतरला.

त्या बेटावर विमान जात नाही, बोटही जात नाही. मासा मरेल आणि आपण सुटू, असं आम्ही दोघांनी न बोलताच धरून ठेवलं होतं. त्याला बरीच वर्षं झाली. मासा मरत नाही. असा मासा एवढा जगलेला दुकानदारानेही पाहिलेला नाही.

हल्ली सकाळी खिडकीत एक कावळा येऊन बसतो. आम्ही पोळी ठेवतो. तो तिला शिवत नाही, टाकीकडे बघत राहतो.