हंगाम संपला की कान उघडतात

अण्णांनी कधी कुणाला 'बरं आहे का' असं विचारल्याचं मला आठवत नाही. माणूस समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "सध्या काय ऐकताय?" नवखा माणूस गडबडून जायचा. ऊसतोडीचा एक मुकादम आवाज खाली आणून म्हणाला होता, "काय न्हाई अण्णा, पाटलाच्या पोरीचं लगीन मोडलं म्हनत्यात." अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं, गानं कोनतं ऐकतोस म्हनलं मी!"

श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात अण्णा मिलचे फोरमन होते. उसाचा रस पिळणारे लोखंडी रोलर जिथे फिरतात ती मिल. तिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही हातवारे करूनच बोलावं लागे. मी पुण्याहून तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून आलो ते सत्तर-एकाहत्तरचं साल. सामान लावायच्या आधी मी रेकॉर्डप्लेअर लावला. थोड्या वेळाने दाराबाहेर कुणी उभं असल्यासारखं वाटलं. तेलाचे डाग पडलेल्या खाकी कपड्यातला, पन्नाशीचा, रुंद हाडाचा माणूस. "साहेब," तो म्हणाला, "भाईर उभं ऱ्हाऊन ऐकलं तर चोरी हुती का?"

मग रविवारची सकाळ आमची झाली. अण्णा, शाळेतले ड्रॉइंगचे सर आणि मी. प्रत्येकाने एक रेकॉर्ड आणायची. नियम अण्णांचा होता, "चांगली नको. सध्या डोस्क्यातनं जात न्हाई, ती आना." सर नाट्यपदं आणायचे, मी सतार. रागांची नावं अण्णांना येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. पण मत असायचंच. माझ्या लाडक्या सतारीवर ते म्हणाले, "लई हुशार मानूस हाय. पन आपुन हुशार हाय हे सारखं सांगतोय." सरांच्या नाट्यपदाला म्हणाले, "ह्यो शेजारनीला ऐकू जावं म्हनून गातोय." सर आठवडाभर माझ्याशीसुद्धा नीट बोलले नाहीत.

अण्णांची स्वतःची रेकॉर्ड एकच. मिरजगावच्या बाजारात भंगारवाल्याकडे मिळालेली, जाड, काळी, तीन मिनिटांची. त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ती गुंडाळलेली असे. मधला कागद झिजून गेला होता, त्यामुळे गाणारी बाई कोण ते कुणालाच कळत नव्हतं. एवढंच की ती भीमपलास गात होती आणि घाईत नव्हती. "अण्णा, वर्ष झालं, अजून सध्या हेच?" सर विचारायचे. अण्णा शांतपणे म्हणायचे, "भाकरी रोज तीच असती. खाताच ना?"

मिल सुरू असली की त्यांच्या कानात शिट्ट्या वाजत. कापसाचे बोळे घालून ते पाळी करत आणि रविवारी ते बोळे काढून, मान हलवत, पाणी झटकावं तसा तो आवाज झटकत. मी एकदा डॉक्टरकडे जा म्हटलं. ते हसले. "धा-पंधरा वर्सं झाली साहेब. हंगाम संपला की कान उघडतात." आणि खरंच, उन्हाळ्यात मिल थंडावली की ते पडवीत बसून लांबच्या मोटेचं कुरकुरणंही ओळखायचे.

मग दुष्काळाचं साल आलं. ऊस उभ्या उभ्या वाळला, जो हिरवा राहिला तो जनावरांनी खाल्ला. संक्रांतीच्या सुमारालाच रोलर थांबले. कारखान्याच्या वसाहतीत अशी शांतता पसरली की माणसं आपोआप हळू बोलू लागली. हंगामी कामगार बोचकी बांधून खडी फोडायच्या कामावर निघून गेले. अण्णांनी त्यांना निरोप दिला आणि परत येताना, ओशाळून, मला म्हणाले, "वंगाळ वाटतं बोलायला, पन कानाला यंदा लवकर सुट्टी मिळाली."

दोन-तीन रविवार गेले. एका सकाळी त्यांनी लुगड्याचा तुकडा सोडला, मी रेकॉर्ड लावली. ते नेहमीसारखे भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. मग डोळे उघडून म्हणाले, "जरा वाढवा." मी वाढवला. "आनिक." बटण शेवटाला टेकलं. खिडकीची तावदानं थरथरत होती. सरांनी कानांवर हात ठेवले होते, ते अण्णांकडे बघून त्यांनी हळूच खाली घेतले. बाई पूर्ण गळ्याने गात होती. अण्णा तबकडीकडे बघत मला म्हणाले, "सुरू केलीय न्हवं?"

होळी झाली, पाडवा झाला. कान उघडले नाहीत. मी त्यांना पुण्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं, आतली नस गेली आहे, ती पुन्हा येत नाही. कानाला लावायचं यंत्र दिलं. चार दिवसांनी अण्णांनी ते काढून कोनाड्यात ठेवलं. "ह्यात माझी मिलच ऐकू येती," ते म्हणाले. सरांनी कुठेतरी वाचलं होतं की रेकॉर्डप्लेअरच्या पेटीवर तळवा ठेवला तर सूर हाताला कळतात. अण्णांनी तेही केलं, बराच वेळ केलं. मग हात काढून घेतला. "लाकूड थरथरतं. गानं न्हाई त्यात."

पुढच्या हंगामात रोलरचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा दुसरा माणूस आला आणि अण्णांना गोदामावर पाठवलं. रविवारी आम्ही पाटी आणून ठेवली. सरांनी मोठ्या सुबक अक्षरात लिहिलं, 'सध्या सनई'. अण्णांनी वाचलं. "सनई वाचून काय करू, सर?" ते रागावले नव्हते, खरंच विचारत होते. सरांनी पाटी पुसून टाकली. त्यानंतर ते आले नाहीत. रस्त्यात भेटले तरी त्यांचा तो प्रश्न बंद झाला होता. विचारला असता तर उत्तर ऐकू आलं नसतं. मग सरांची राहात्याला बदली झाली, आणि सोबतीने बसून ऐकायची सवय मोडली; एकट्याने ऐकणं मला जमलं नाही.

वर्षाने मला दुसरीकडे नोकरी लागली. निरोप घ्यायला मी अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्याकडे चावीचा एक जुना फोनो होता. मला बघून ते उठले, चावी दिली, ती काळी तबकडी ठेवली आणि सुई टेकवली. "तुमी ऐका," म्हणाले आणि डोळे मिटून मांडीवर ताल धरला.

बाईने पहिली ओळ घेतली, आणि दुसऱ्या ओळीत सुई अडकली. तेच अर्धं अक्षर, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. अण्णांचा हात मात्र पुढे चालला होता. त्यांच्या आतली बाई ओळ पुरी करून वर चढली असावी, कारण त्यांची मान सावकाश वर गेली आणि चेहरा असा उजळला की मला जागचं हलता येईना. स्वयंपाकघरातून वहिनी आल्या. हाताला पीठ लागलेलं होतं. कोपराने सुईला हळूच धक्का देऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या. गाणं पुढे सरकलं. अण्णांनी मात्र तोवर समेवर हात आपटला होता. त्यांचं गाणं संपलं होतं. डोळे उघडून, बाई ऐन तानेत असताना, त्यांनी सुई उचलली.

"काय संपिवती, न्हाई?" ते म्हणाले.

मी मान डोलावली. त्यांना दिसेल अशी जोरात डोलावली.

वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. पदराने हाताचं पीठ पुसत म्हणाल्या, "रोज लावत्यात, भाऊजी. सुई अडकती ते मी सांगत न्हाई." फाटकाची कडी काढत त्या पुन्हा बोलल्या, "घरात ऐकनारी आता मी एकलीच. आन मला त्यातलं काय बी कळत न्हाई."