तबस्सुमनं जोडलेला रस्ता

हिमरू कापडाच्या मागावर बसायला लागल्यापासून तबस्सुमला एकच गोष्ट बजावलेली होती, नक्षीतली बेल, म्हणजे वेल, कुठं तुटता कामा नये. गिऱ्हाईक नक्षीवरून बोट फिरवतं. जिथं अडलं, तिथं माल परत.

म्हणून वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या युसराचा नकाशा विणताना, रेघ तीन ठिकाणी तुटली तिथं तबस्सुमचा हात आपसूक पुढं गेला. युसरा पॅलेस्टाईनची. विद्यापीठात शिकायला आली आणि मागं परतीच्या वाटा बंद झाल्या, तशी इथंच अडकली. चौकड्यांच्या कागदावर तिनं आपल्या गावाचा रस्ता काढला होता, शहरापासून थेट आईच्या दारापर्यंत. उद्या तो कापडावर विणलेला प्रदर्शनात टांगायचा होता.

परीक्षेमुळं तिनं विणकाम पाहिलंच नव्हतं. आज दुपारी मागावरून उतरवलेलं कापड अंगणात पसरलं आणि रस्त्यावरून फिरणारं तिचं बोट एका जागी थांबलं.

"खाला, इथं रस्ता तुटतो. इथं फौजेचं फाटक आहे. तुम्ही जोडून टाकला."

"अगं, मला वाटलं तूच कागदावरच्या चौकड्या मोजायला चुकलीस!"

"तिन्ही ठिकाणी?"

पायरीवर चहा पिणारा तबस्सुमचा नवरा बासित हसला. "हिचं काय सांगावं बेटा! फौजेनं बंद केलेला रस्ताबी ही विणून चालू करंल."

युसरा हसली नाही. तिकडं उजाडताच तिचा भाऊ याच रस्त्यानं आईकडं निघाला होता. त्याचा फोन लागत नव्हता.

"उसवा, खाला. असा रस्ता तिथं नाही. लोक उद्या खोटं बघतील."

वरचं रेशीम कापून ओढलं तरी खालचं सुती कापड शाबूत राहतं. काम अवघड नव्हतं. पण कात्री टेकवली की तबस्सुमला त्या रेघेवरून चालणारा पोरगा दिसायचा.

"भाऊ पोचू दे. मग कापते."

"आणि नाही पोचला तर?"

"तोंडातून असलं काढू नको."

ऊन भिंतीवर चढलं. बासितच्या कपातला चहा तसाच निवला. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तरी नमाजला कुणी उठलं नाही.

फोन वाजला. युसरा नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मामा होता. दुसऱ्या फाटकावर फौजेनं टॅक्सी थांबवली. भावाला उतरवून घेतलं. टॅक्सी परत आली."

"आणि तो?"

युसरानं कात्री उचलली. पहिलाच धागा तिनं चुकीचा धरला. खालचं सूत ताणलं गेलं. तबस्सुमनं तिचं मनगट धरलं, कात्री काढून घेतली.

"कापड फाटंल. सरक."

ती वाकली. रेशीम तुटत गेलं. बासित उठला, बाहेरच्या दाराला कडी घातली, आणि ती कशासाठी घातली हे न कळून तिथंच उभा राहिला.

"दुसरं फाटक कुठं होतं?" मान वर न करता तबस्सुमनं विचारलं. "दाखव."