औषध लागलं

आमच्याकडे कपाशीवर फवारायच्या विषाला औषध म्हणतात. दुकानाच्या पाटीवर औषध, घरी औषध. मीही तेच म्हणत मोठा झालो.

बोंडअळीच्या त्या वर्षी शेजारचे काका दुसऱ्याच्या वावरात फवारायला गेले. डोक्याएवढी उंच पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि वारा उलटा. दुपारी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडाला फेस आला. काकूने आणि मी त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाहेरच्या जिल्ह्यातून नवाच आलेला.

"काय झालं?"

"औषध लागलं जी यायले," काकू म्हणाली.

"कोणतं? गोळ्यांचं पाकीट आणलंय?"

"गोळ्या कायच्या? पऱ्हाटीचं औषध!"

त्याने कागदावर 'औषधाची ॲलर्जी' लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळला. तेव्हा मी ओरडलो, "विष लागलंय साहेब, विष!" मग तो धावला. पण त्यावरचं इंजेक्शन तिथे नव्हतंच. यवतमाळला न्यावं लागलं. काका वाचले, नजर मात्र अधू झाली.

त्यानंतर दारव्ह्यापासून नेरपर्यंत बाजाराबाजारांत काकूने आणि मी पत्रकं वाटली. वर मोठ्या अक्षरांत: औषध नव्हे, विष. एक दुकानदार हसला, "विष म्हनलं त घेईन कोन बे?" हे विष आहे, एवढं तरी त्याला कळलं होतं. सरकारला तेही कळत नव्हतं. तिकडे चिंता पिकाची आणि अळीची. फवारणारा माणूस त्यात कुठेच नाही. माणसं मेली, मोर्चे निघाले, गवगवा झाला, तेव्हा कुठे मास्क आले, चष्मे आले आणि फोटोला पुढारी आले. त्याच दवाखान्यात दोन खाटांची खोलीही झाली. पाटी लागली: फवारणी विषबाधा कक्ष. आमचा शब्द सरकारी पाटीवर! काकूने ती काकांना मोठ्याने वाचून दाखवली.

पुढच्या हंगामात काकांच्या पाठीवरचा पंप काकूच्या पाठीवर आला. फवारणीच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "चाल, आंधी ते खोली पाहून येऊ."

खोलीला कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं, तर खाटांवर मास्कची खोकी रचलेली.

"चाबी कोनापाशी हाय?" काकूने कारकुनाला विचारलं.

"आता पेशंट कुठे आहेत, बाई?"

"उद्या मी फवाराले चालली. पेशंट मलेच समजा."

आणि ती दारात बसली. मीही बसलो. सरकारचे अग्रक्रम मुंबईत ठरतात म्हणे. ठरत असतील. ते टिकले की नाही, हे असल्या दारात कळतं.

दुपारनंतर कुलूप निघालं. खोकी आम्हीच बाहेर काढली, खाटा झटकल्या. कारकून म्हणाला, "झालं ना आता? जा."

"इंजेक्शन दाखवा," काकू म्हणाली, आणि खाटेवर बसून राहिली.